डावीकडे बघा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. बेटाला फेरी मारणाऱ्या लाँचच्या टपावर बसवलेला, खाऱ्या वाऱ्याने पोपडे निघालेला. या देशात आलेल्या पाहुण्यांना इथल्या गमतीजमती माझ्याच तोंडून कळतात.

आवाज मात्र माझा नव्हे, बाईंचा. प्रवाशांना माहिती सांगणं हे त्यांचं काम. माइक हातात घेतला की त्या आधी किनारा नीट न्याहाळायच्या, मगच बोलायच्या. "डावीकडे बघा. कासवाची मादी जिथे जन्मते, त्याच किनाऱ्यावर अंडी घालायला परत येते. माहेर विसरत नाही हो ती!" कड्यावर पक्षी नसले तर सरळ सांगायच्या, "आज मंडळी बाहेर गेलीत." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला उगाच वाटायचं, टाळ्या माझ्यासाठीच आहेत.

मग लाँचच्या मालकाने गोड बोलून बाईंचं सगळं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. "बाई, कधी घसा बसला तर असू द्या." बाईंनी भाबडेपणाने हो म्हटलं. लगेचच मालकाने त्यांना घरी बसवलं. घसा चांगला ठणठणीत होता.

तेव्हापासून वळण आलं की मालक कळ दाबतो आणि मी तेच ते ओकतो. पुढे कासवांच्या वाळूवर हॉटेल झालं. आता तिथे खुर्च्या आणि छत्र्या आहेत. मेल्या मालकाने रेकॉर्ड काही बदललं नाही.

परवा बाई तिकीट काढून लाँचवर आल्या. भोंग्यातून येणारा आजीचा आवाज ऐकायचा, म्हणून नातीने हट्ट धरला होता. वळण आलं. मी बोललो. पोरीने डावीकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"आजी, तिथे तर कासवं नाहीत. तू खोटं का सांगतेस?"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "मंडळी, कासवं आता इथे येत नाहीत. तिथे हॉटेल..."

"बाई, खाली बसा," मालक म्हणाला. "लोकांना माहिती ऐकू द्या." आणि त्याने माझा आवाज वाढवला.

बाईंच्याच आवाजाने मी बाईंना गप्प केलं. त्या खाली बसल्या. नातीचा हात धरायला गेल्या, तर तिने तो काढून घेतला.

मित्रांनो, मला गंज चढला तरी पुसू नका. पण कुणाचा आवाज ठेवून घेऊन त्या माणसाला घरी बसवू नका. आणखी सांगितलं असतं, पण ते बघा, वळण आलंच. मालकाचा हात कळीवर गेलाय.

डावीकडे बघा...