बाबा हरवतात तेव्हा

भैय्यालाल गजभिये जेवता जेवता हरवायचे. घास हातातच राहायचा, नजर भिंतीवर खिळायची, ओठ काही चघळल्यासारखे हलायचे आणि डावा हात सदऱ्याचं बटण चाचपत बसायचा. थोड्या वेळानं ते भानावर यायचे, वरणात भात कालवायचे आणि विचारायचे, "काय म्हणत होती तू?"

मग घरात हशा पिकायचा. "पापा खो गए थे!" असं म्हणून त्यांची लेक सोनिया टाळ्या पिटायची. भैय्यालालही हसायचे. आपण नेमकं काय केलं हे त्यांना ठाऊक नसायचं, पण घर हसतंय म्हटल्यावर माणूस हसतोच. पाहुणे असले की त्यांची बायको इंदू सांगायची, "विहारात ध्यानाले बसतेत ना, तेच्यातलीच तंद्री हाय ती." पाहुणे कौतुकानं मान डोलवायचे.

वाचकहो, आपण सगळे यात पटाईत आहोत. दुखणं डोळ्यांसमोर असतं, त्याचं नाव घ्यायची छाती होत नाही, म्हणून आपण भलत्याच नावानं त्याचं बारसं करून टाकतो. गजभियांनी त्याचं नाव 'तंद्री' ठेवलं होतं, एवढंच.

रायपूरच्या चौबे कॉलोनीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं त्यांचं बिऱ्हाड. भैय्यालाल शहराबाहेर सिलताऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात क्रेन चालवत. छताजवळच्या केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या लोखंडानं भरलेली बादली या टोकाकडून त्या टोकाकडे न्यायची. खाली माणसं काम करत असत. सोनिया अकरावीत होती, आणि त्या वर्षी तिनं सगळ्या शाळेला चकित केलं होतं. शाळकरी मुलांसाठी मेंदूविज्ञानाची स्पर्धा असते, तिच्या जिल्हा फेरीत पोरगी पहिली आली. घरी तिच्याशी मराठीत बोलावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं, अशी ही रायपूरची पोट्टी! पण मेंदूच्या घड्या मात्र तिला मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, तिन्हींत पाठ.

आता राज्य फेरी नव्या रायपुरात व्हायची होती. तयारीसाठी विज्ञानाच्या नरहर सरांनी तिला शाळेच्या संगणकावर काही चित्रफिती लावून दिल्या. एका फितीत एक बाई खुर्चीत बसली होती. बोलता बोलता ती थांबली. नजर खिळली. ओठ हलू लागले. बोटं पदराचं टोक चाचपू लागली.

सोनियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे सगळं तिनं रोज जेवताना पाहिलं होतं, बाबांच्या चेहऱ्यावर!

"हा मिरगीचाच एक प्रकार," सर सांगत होते. "झटका कानशिलाजवळच्या मेंदूत उठतो. माणूस पडत नाही, फेस येत नाही. म्हणून कोणाला कळत नाही. आणि त्याला स्वतःला तर यातलं काहीच आठवत नाही."

सरांनी पुढची फीत लावली. सोनियाला पुढचं काही दिसलंच नाही. तिच्या डोळ्यांसमोर छताजवळची केबिन होती आणि खाली चालणारी माणसं होती.

त्याच संध्याकाळी बाबा तिला स्कूटरवर न्यायला आले. रस्त्यावर गर्दी होती. ती मागे बसून काहीतरी सांगत होती आणि बाबांचं "हव, हव" अचानक बंद झालं. स्कूटर हळूहळू दुभाजकाकडे सरकू लागली. मागून ट्रकचा भोंगा वाजला. "पापा! पापा!" तिनं पुढे वाकून ब्रेक ओढला. स्कूटर दुभाजकाला घासून कलंडली आणि ट्रक अगदी शेजारून निघून गेला.

बाबांनी मान वळवली. "काहून ओरडून राहिली? काय झालं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या ट्रकापेक्षा सोनियाला या प्रश्नाची भीती जास्त वाटली.

घरी येताच तिनं आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि चित्रफितीपासून स्कूटरपर्यंत सगळं सांगितलं. इंदूनं आधी खिडकी लावून घेतली, आणि त्यावरूनच सोनियाला कळलं की आईला हे आधीपासून ठाऊक होतं.

"चूप राह्य!" इंदू कुजबुजली. "तुह्या बापाले बी सांगू नोको. नोकरी जाईन तेची. अन् उद्या तुले पाहाले पाव्हणे आले का कोण म्हणन, हे मिरगीवाल्याची पोट्टी हाय. माह्या माहेरी एका पोरीचं असंच मोडलं होतं."

"मम्मी, वो क्रेन चलाते हैं!"

"इतके वर्स चालवली ना? काही झालं काय?"

सोनियानंही बाबांना काही सांगितलं नाही, आणि मग त्या घरात भीती राहायला आली. बाबा कामावर निघाले की तिचा जीव टांगणीला लागे. गल्लीत स्कूटरचा आवाज येईपर्यंत तिचं पुस्तकात लक्ष नसे. शाळेत मात्र ती फडाफडा उत्तरं देई. मिरगीच्या रुग्णाला कसं सांभाळावं, यावर तर तिनं वर्गापुढे भाषणही ठोकलं. "हा आजार लपवू नका!" असं ती म्हणाली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

राज्य फेरीचा दिवस उजाडला. भैय्यालाल रात्रपाळी करून आले होते. डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण लेकीला पोचवायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून त्यांनी स्कूटर अंगणात काढली. शेजारच्या गल्लीतून सोनियाची आत्या, अंजनाबाई, दही-साखरेची वाटी घेऊन आली होती. रेल्वेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून आयुष्य काढलेली बाई, आवाज असा की साऱ्या वॉर्डाला ऐकू जावा.

"खा बाप्पा, अन् जिंकून ये," आत्या म्हणाली.

"बस लवकर," बाबांनी किल्ली बोटात फिरवली. "उशीर होऊन राहिला."

जागरणानं झटका लवकर येतो, हे सोनियाला पाठ होतं. आणि आज समोर नव्या रायपूरचा तो रुंद, मोकळा रस्ता होता, जिथे गाड्या वाऱ्यासारख्या सुटतात. तिचे पाय जागचे हलेनात.

"मी नाही बसणार."

एरवी हिंदीत बोलणारी पोरगी आज मराठीत बोलली होती. इंदूनं तिला डोळ्यांनी दटावलं, पण आता बांध फुटला होता. "बाबा, तुम्हाला झटके येतात. मिरगीचे. त्या दिवशी स्कूटरवर आला होता. आपण मरता मरता वाचलो!"

"मले?" भैय्यालाल आधी हसले, मग लालबुंद झाले. "मले मिरगी? माह्या तोंडाले फेस येते काय? मी रस्त्यात लोळतो काय? चार पुस्तकं वाचली म्हून बापालेच रोगी ठरवून राहिली!"

"भैय्या, सगळी मिरगी फेसाचीच नसते," आत्या पुढे झाली. "वयनी, हे खरं हाय काय?"

"ताई, हळू बोला ना! बाजूची साहू भाभी ऐकन!"

"ऐकू दे! तेच्या घरी सायेबाले शुगर हाय, ते साऱ्या गल्लीले माहीत हाय. शुगरची गोळी टेबलावर ठेवाची अन् मिरगीची गोष्ट खिडकी लावून कराची, हा कोणता न्याय? पोट बिघडलं त आजार, अन् डोकं बिघडलं त कलंक? मेंदू बी शरीराचाच भाग हाय ना, वयनी? का तो शेजाऱ्याचा हाय?"

"तुम्हाले काय जाते बोलाले? पोरीचं लग्न मले कराचं हाय!"

"अन् बाप नाही राह्यला त लगन कोण लावून देईन?"

"बस झालं!" भैय्यालाल ओरडले. "मी धडधाकट हाय. मी..."

आणि ते थांबले.

नजर भिंतीवर खिळली. ओठ हलू लागले. डावा हात बटणाकडे गेला.

इंदूनं धावत जाऊन फाटक लावलं आणि पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाकडे नेली. आत्यानं तिचा हात धरला. "चपलीनं काही होत नाही. काही कोंबू नोको, दाबू नोको. पडू द्याचं नाही, इतकंच."

 मेंदूच्या आत काय चाललंय ते सोनियाला माहीत होतं, आणि माहीत असूनही समोरचे बाबा परके वाटत होते. पण पाठ केलेलं आज नाही तर कधी उपयोगी पडणार? तिनं बाबांच्या मुठीतली किल्ली हळूच काढून घेतली. तिच्या जागी दही-साखरेचा चमचा ठेवला.

बाबांनी मूठ मिटली. थोड्या वेळानं त्यांनी खोल श्वास घेतला, इकडेतिकडे पाहिलं. भांडणाचा त्यांना विसरच पडला होता.

"चल ना, बस," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू करायला वाकले.

चमचा किल्लीच्या भोकावर आपटला. पुन्हा आपटला. दही त्यांच्या बोटांवरून ओघळलं. त्यांनी हात वर करून पाहिलं.

"हा... हा चमचा कोणं देल्ला?"

"मी, बाबा. किल्ली माझ्याकडे आहे. मी तुमच्या हातातून काढून घेतली."

"कधी?"

त्या दिवशी घरात कोणी हसलं नाही. भैय्यालालांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. इंदूनं मान खाली घातली, आणि त्यांना सगळं समजलं. ते मटकन पायरीवर बसले.

"म्हंजे वर क्रेनमंदी बी होत असन," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मांगच्या हप्त्यात खालून पोट्टे शिट्ट्या मारून राहिले होते. मले वाटलं मस्करी करतेत. बादली जागा सोडून गेली होती... खाली भट्टीवरला गुलाबराव होता. अरे बाप्पा! खाली गुलाबराव होता!"

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.  मग इंदूकडे पाहून ते फक्त एवढंच म्हणाले, "तुले माहीत होतं? माह्या रोगाची मलेच खबर नोयती?"

इंदूला रडू फुटलं. "मले भेव वाटे हो," ती म्हणाली. "लोकाईचं भेव वाटे."

स्पर्धेला सगळे रिक्षानं गेले. पोचेपर्यंत पहिली फेरी अर्धी संपली होती. सोनिया चौथी आली. पुढे तिघंच जाणार होते. नरहर सर हळहळले, "तू तर पहिली यायचीस!" सोनियाला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा? पण प्रेक्षकांत आई आणि आत्याच्या मधोमध बसलेले बाबा तिला दिसत होते, आणि कितीतरी दिवसांनी तिचा जीव टांगणीला नव्हता.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रोज घ्यायला आणि भरपूर झोपायला सांगितलं, स्कूटर बंद केली. भैय्यालालांनी कारखान्यात स्वतः जाऊन सांगितलं. त्यांना क्रेनवरून उतरवून खाली स्टोअरमध्ये बसवलं. ओव्हरटाइम गेला, घरात ओढाताण झाली. कोणी टोमणेही मारले. पण गुलाबराव त्या संध्याकाळी घरी आला, भैय्यालालांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसला आणि चहा पिऊन गेला.

एक दिवस इंदू खिडकीत उभी असताना कुंपणावरून साहू भाभींनी विचारलंच, "दीदी, भैया आजकल स्कूटर नहीं चलाते?"

इंदूचा हात खिडकीकडे गेला. सवयच ती! मग तिनं तो मागे घेतला. "मिरगी है उनको. दवाई चालू है," ती म्हणाली.

साहू भाभींनी इकडेतिकडे पाहिलं. मग कुंपणाला टेकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मेरे भाई को भी है, दीदी. आज तक किसी को बताया नहीं. डॉक्टर कौन-से हैं आपके?"

बंधूंनो, भगिनींनो, प्रत्येक गल्लीत अशी एक बंद खिडकी आहे. मेंदूचा आजार हा पापाचं फळ नाही, अंगात आलेलं वारं नाही, कुळाला बट्टा तर नाहीच. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. ज्याला तो झाला त्याला काही आठवत नाही, म्हणून त्याला खरं सांगणं हे पाहणाऱ्याचं काम आहे. आपण हसून किंवा लपवून ते टाळतो, आणि आपल्याच माणसाला त्या केबिनमध्ये एकटं वर चढवतो.

आता त्यांच्या गोळ्या मिठाच्या बरणीशेजारी असतात, सगळ्यांना दिसतील अशा. भैय्यालाल जेवून हात धुतात आणि रोज न चुकता विचारतात, "सोनू, आज हरवलो होतो काय मी?"

बहुतेक दिवशी ती म्हणते, "नाही, बाबा." आणि एखाद्या दिवशी म्हणते, "हव. थोडा वेळ. मी इथंच होते."

ते मान हलवतात आणि गोळी घेतात.