सोमवारची बाटली

मंजुश्रीने नायट्रोजनच्या सिलिंडरची चावी बंद केली आणि आर्गॉनची उघडली. पाण्यातून वीज सोडून हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायचा, म्हणजे खताचा कच्चा माल, हे तिचं तीन वर्षांचं संशोधन. आज मुद्दाम आर्गॉन लावला होता. नायट्रोजनच नाही तर अमोनिया कुठून येणार? अमोनिया असला की निळं होणारं नळीतलं द्रावण आज रंगहीन राहायला हवं होतं. ते निळं झालं, आणि तेही नेहमीइतकंच निळं.

नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत सगळे नळीभोवती जमले. तिचे मार्गदर्शक उमाशंकर सर नळी उजेडात धरून बघत राहिले. पुढच्या आठवड्यात ते हाच शोध परिषदेत मांडणार होते. तिकडे गावी, औशाला, मंजुश्रीच्या वडिलांनी मठात लेकीचा सत्कारही उरकून घेतला होता.

"हा अमोनिया बाहेरून आलाय," सर म्हणाले. "काय शिंपडता, काय पुसता इथे?"

मंजुश्रीला त्या क्षणीच कळलं. हे वीज सोडायचं यंत्र आलं तेव्हा तिच्या आईने, सिद्धम्माने, गोमूत्राची बाटली दिली होती. दर सोमवारी नवी चाचणी सुरू करण्याआधी, कोणी यायच्या आत, ती यंत्राभोवती चार थेंब शिंपडायची. चार थेंब कसले, चांगलं ओंजळभर. मुरलेल्या गोमूत्रातून अमोनिया सुटतो हे गोठ्यात पाय ठेवलेल्या कुणालाही नाकाने कळतं, आणि ही तर रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. वर, आपल्या टेबलाला लिंबू बांधणाऱ्या सहकारी तनुजाची तिने सगळ्यांदेखत टर उडवली होती. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"फरशी पुसायचं औषध असेल, सर," तिने जीभ रेटली. "गौरम्मा रोज पुसतात."

चोर सोडून संन्याशाला फाशी. अकरा वर्षं ही प्रयोगशाळा झाडणारी देगलूरची गौरम्मा दारातच उभी होती. उद्यापासून आत यायचं नाही, असं सरांनी तिला सांगितलं; दुसरं काम आहे की नाही ते ऑफिस बघेल. तिने मान हलवली, बादली उचलली आणि निघून गेली. मंजुश्रीला स्वतःचीच किळस आली.

थोड्या वेळाने ती मागच्या नळावर गेली. गौरम्मा फडकं पिळत होती. माफी मागायला म्हणून आलेली मंजुश्री, औषध बदललं तर सर पुन्हा घेतील, असलं काहीतरी बोलून बसली. गौरम्माने ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पुढे केली.

"सिलिंडरमागं होती. सरांनी बघितली असती, म्हणून आणली."

मंजुश्रीने बाटली ओळखली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. सोमवारचं तर म्या फरशीला हातच लावत नव्हते, म्याडम. तुमच्या मायनं दिलेलं पुसून जाईल म्हणून."

गौरम्मा पुन्हा फडकं पिळू लागली. मंजुश्रीने बाटली घेतली. मग वळली. वाटेत तनुजा भेटली, तिने काय आहे म्हणून विचारलं, तरी ती थांबली नाही. सर परिषदेला पत्र लिहीत होते. तिने वर्तमानपत्र सोडलं आणि बाटली त्यांच्या कागदांवर ठेवली.

"सर, आपला अमोनिया ह्यातला आहे," ती म्हणाली. "मीच शिंपडत होते. आणि सोमवारी गौरम्मा फरशी पुसतच नव्हत्या."