उजेडाच्या खोलीतला टीव्ही

वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून अझीम अत्तारला स्वतःच्याच हॉलमध्ये स्वस्थ बसता येत नव्हतं. ‘भरपूर उजेड, खेळती हवा’ असं बिल्डरने जाहिरातीत छापलं होतं, आणि बिल्डर लोकांना न शोभेल इतका तो आपल्या शब्दाला जागला होता. दक्षिणेला रुंद खिडकी, पश्चिमेला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार. पाचवा मजला. समोर अजून एकही इमारत उठलेली नव्हती. खडकाळ माळ आणि पलीकडे नगर रोड, बस्स. सकाळी चहाबरोबर जो उजेड आत शिरायचा तो दिवेलागणीपर्यंत मुक्काम ठोकून असायचा.

त्या उजेडाने घरातला जुना टीव्ही आंधळा करून टाकला होता. फुगीर काचेच्या त्या डब्यात दिवसभर फक्त खिडकी दिसायची, खिडकीचे गज दिसायचे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी पुसट हलणारी माणसं.

इतर कुणाच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण अझीमच्या आईला, अख्तरबानूंना, ऐकू येत नव्हतं. अझीम कॉलेजात असताना त्या मोठ्या दुखण्यातून उठल्या. जीव वाचला, पण औषधांनी कान नेले. त्यानंतर त्या ओठ वाचायला शिकल्या, कुणी न शिकवता. ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात, त्यातला कुठला हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरून ओळखायचं असतं, हे अझीमला त्यांच्याकडूनच कळलं होतं. पूर्वीच्या घरी, घोरपडे पेठेतल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे. तिथे तो टीव्ही मात्र लखलखीत दिसायचा. दुपारभर त्या बातम्या बघत. कुठली मुलगी शब्द स्वच्छ बोलते, कोण शेवटची अक्षरं गिळते, सगळं त्यांना ठाऊक. अझीमचे अब्बा, रहीमसाहेब, रात्री दुकान बंद करून आले की अख्तरबानू त्यांना दिवसभराच्या घडामोडी सांगत. ऐकू येणारा नवरा ऐकायचा आणि ऐकू न येणारी बायको बातम्या द्यायची.

रहीमसाहेब गेले, पेठेतली जागा सुटली, आणि आता या उजेडात अख्तरबानू वेताची खुर्ची कधी भिंतीला, कधी टीव्हीला चिकटून ठेवत. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरत. मग एके दिवशी अझीम दुपारीच घरी आला तेव्हा टीव्ही बंद होता आणि त्या हात मांडीवर ठेवून नुसत्याच बसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं, नवा टीव्ही घ्यायचा. आणि तिथून त्याची जी उलघाल सुरू झाली ती काही थांबेना.

ते दोन हजार नऊ साल होतं. भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही नुकते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले होते आणि त्यात दोन पंथ होते. प्लाझ्मा आणि एलसीडी. प्लाझ्माचं चित्र खोल, काळा रंग खरोखरचा काळा, आणि हालचाल अगदी रेखीव. पण त्याची काच आरशासारखी, आणि तेजही बेताचं. उजेडात तो विझल्यासारखा दिसायचा. एलसीडीचा पडदा बिनचकाकीचा, तेज भरपूर, उन्हाला पुरून उरणारा. पण त्यावर जलद हालचाल जराशी फरफटल्यासारखी व्हायची. क्रिकेटचा चेंडू शेपूट लावून धावायचा. इतरांना चेंडूची चिंता होती. अझीमला ओठांची होती. ओठ फरफटले तर?

खराडीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाच्या खिडकीमागे टीव्हीच्या चर्चांची खिडकी उघडी असायची. शेजारी बसणारा सुखदेव एकदा म्हणाला, “अरे, लग्नाला मुलगी बघतानासुद्धा एवढी चौकशी केली नव्हतीस.”

“माहेनूरला उन्हात ठेवून बघायची गरज नव्हती,” अझीम म्हणाला. पण हसला नाही.

सुखदेवला खरं कारण माहीत होतं. माहेनूरलाही होतं. कंपनी अझीमला स्वीडनला पाठवणार होती, दीड वर्षासाठी. मेअखेर निघायचं. कागद झाले होते, व्हिसा झाला होता, फक्त अम्मीला सांगायचं राहिलं होतं. ज्या आईला फोन करता येत नाही, लिहिलेलं वाचता येत नाही, तिला सोडून दीड वर्ष जायचं कसं? माहेनूर वाघोलीतच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. स्वभावाने चांगली, पण बोलणं भरभर आणि ओठ जेमतेम हलवून. अख्तरबानूंना तिचं निम्मं बोलणं कळतच नसे. घरात त्या सगळ्यात स्वच्छ वाचत ते अझीमचे ओठ. म्हणून त्याने मनातल्या मनात एक बेत रचला होता. कॉम्प्युटर नव्या टीव्हीला जोडायचा, आणि तिकडून कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं. भिंतीवर आपला चेहरा एवढा मोठा दिसेल की अम्मीला एकेक अक्षर वाचता येईल. मग सांगायला तोंड उरेल.

“म्हणजे टीव्ही आल्यावर सांगणार?” माहेनूरने स्वयंपाकघरात विचारलं.

“हो.”

“आणि टीव्ही ठरतच नाही.”

“ठरेल.”

“अझीम, तू टीव्ही शोधत नाहीयेस. तू वेळ काढतोयस.”

तो बाल्कनीत गेला, दार ओढून घेतलं आणि सुखदेवला फोन लावला. बेचैनी वाढली की तो हेच करायचा.

स्वारगेटजवळच्या एका मोठ्या दुकानात तो तीनदा जाऊन आला होता. तिथला विक्रेता श्रीनिवास त्याला बघताच घड्याळाकडे बघू लागला होता. चौथ्या खेपेला, शनिवारी दुपारी, अझीमने अम्मीलाच बरोबर नेलं.

“या,” श्रीनिवास म्हणाला, “आज तरी घेणार, की नुसतं दर्शन?”

दुकानाचा तो भाग मुद्दाम अंधारा ठेवलेला होता. काळ्या भिंती, मंद दिवे आणि रांगेत उजळलेले पडदे. अझीमने बातम्यांचं चॅनल लावायला सांगितलं आणि अम्मीला प्लाझ्मासमोर उभं केलं. अख्तरबानू जवळ सरकल्या. क्षणभरातच त्यांचे स्वतःचे ओठ हलू लागले, बोलणाऱ्या मुलीच्या पाठोपाठ. कितीतरी दिवसांनी अझीम हे बघत होता.

“कात्रजच्या घाटात ट्रक उलटलाय,” त्या खुशीत म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या मोठ्याने बोलत. दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

मग त्या एलसीडीसमोर उभ्या राहिल्या. तिथेही वाचलं त्यांनी, पण डोळे बारीक करून, मध्येमध्ये अडखळत.

“बघा,” श्रीनिवास म्हणाला, “माताजींनीच निकाल दिला. प्लाझ्मा.”

“पण आमच्या हॉलमध्ये ऊन फार येतं हो.”

“मग पडदे लावा. जाड, दुहेरी. हॉल आहे की गच्ची?”

अझीमला ते एकदम पटलं. इतके दिवस ही सोपी गोष्ट सुचली कशी नाही! जाड पडदे लावायचे, की या दुकानातला अंधार घरातही. तो आईकडे वळून बोलू लागला, “अम्मी, हाच घेऊ. आपण खिडकीला जाड पडदे लावू, दिवसभर बंद ठेवू, मग तुला...”

अख्तरबानू त्याच्याकडे बघत होत्या, पण त्यांच्या नजरेत काही उमटेना. त्यांनी मान पुढे केली. मग त्याचा दंड पकडला. तो पुन्हा बोलला, सावकाश. त्यांचा चेहरा घाबराघुबरा झाला.

“मला तुझं तोंड दिसत नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्या अख्ख्या दालनात ते ऐकू गेलं. “काय बोलतोयस? इथून चल. चल इथून.”

अझीम त्यांना बाहेर घेऊन आला.

बाहेर टळटळीत ऊन होतं. फुटपाथवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या बाकावर अख्तरबानू बसल्या आणि त्यांनी ओढणीने कपाळ पुसलं. रस्त्यावर बसगाड्यांचा गदारोळ चालला होता, पण तो फक्त अझीमसाठी. त्या मात्र आता शांत होत्या. उन्हात त्याचा चेहरा त्यांना लख्ख दिसत होता.

“आता बोल,” त्या म्हणाल्या.

त्याने पडद्यांचं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुरतं वाचून घेतलं आणि मान हलवली.

“नको. अंधारात ती टीव्हीतली मुलगी दिसेल, तुम्ही दिसणार नाही. माहेनूर दारातून आत आली आणि काही म्हणाली तर मी काय वाचू? पेठेत तुझे अब्बा बल्बखाली येऊन माझ्याशी बोलायचे. रोज, न विसरता. सगळ्यांना ते जमत नाही. या घरात मला कुणाला ‘दिव्याखाली ये’ असं म्हणावं लागत नाही. तो उजेड मी घालवणार नाही.”

“पण दुसऱ्यावर तुला नीट वाचता येत नाही.”

“शिकेन.” त्यांनी रसाचा ग्लास हातात घेतला, प्यायल्या मात्र नाहीत. “तू कधी निघतोयस?”

अझीमला वाटलं, घरी निघण्याचं विचारतायत. “हा टीव्ही ठरला की लगेच.”

“परदेशी,” त्या म्हणाल्या.

अझीमने स्वतःचा ग्लास खाली ठेवला.

“बाल्कनीत उभा राहून त्या सुखदेवशी बोलतोस. दार लावून घेतोस. काचेचं दार.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी चेष्टा होती, आणि तीच त्याला जास्त लागली. “बाजूने उभा राहतोस, ऊन सगळं तुझ्या तोंडावर. ‘अम्मीला अजून सांगितलं नाही रे’ हे तर इतक्यांदा वाचलंय की बाकीचं वाचायची गरजच नाही. गावाचं नाव तेवढं कळलं नाही. ओठांवर नीट बसत नाही ते.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“थंडी होती तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगायचंस ते.” आता मात्र त्यांचा आवाज चिरकला. “मला वाटायचं, आज सांगेल. टीव्ही बघायचा सोडून मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायची. तू मला टीव्हीचे आकडे सांगायचास.”

अझीमने मान खाली घातली. त्यांनी लगेच त्याची हनुवटी धरून वर केली. मान खाली घातलेल्या माणसाला त्यांच्याशी बोलता येत नसे. मग त्याने सगळं सांगितलं. स्वीडन, दीड वर्ष, कॅमेरा, भिंतीवरचा चेहरा, आणि आपल्याला भीती वाटते हेसुद्धा. त्या अध्येमध्ये एखादा शब्द पुन्हा म्हणायला लावत. गुऱ्हाळवाला कौतुकाने बघत होता.

“माहेनूर इथेच राहील ना?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हो.”

“मग जा. तिला बोलायला मी शिकवीन.”

एलसीडी घेतला. श्रीनिवासने पावती फाडताना “अखेर!” एवढंच म्हटलं. मे महिन्यात अझीम गेला. विमानतळावर तो दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरून उभा राहिला.

भिंतीवरच्या चेहऱ्याचा बेत मात्र फसला. इंटरनेट रडतखडत चाले. चित्र थिजायचं, तुकडे व्हायचे, आवाज एकीकडे आणि ओठ दुसरीकडे. पहिल्या रविवारी अझीम घसा फोडून बोलला आणि अख्तरबानूंना त्यातलं ‘जेवण’ आणि ‘बर्फ’ एवढंच कळलं. पैकी बर्फ तो बोललाच नव्हता. पुढच्या रविवारीही तेच. तो चिडला, रात्रभर तळमळला, दुसरा कॅमेरा आणला. फारसा फरक पडला नाही. शेवटी असं ठरलं की तो जे बोलेल ते माहेनूरने ऐकायचं आणि खिडकीकडे तोंड करून अम्मीला सांगायचं. सुरुवातीला अख्तरबानू तिला दर वाक्याला अडवत. “तोंड उघड. दातांना झाकू नकोस.” माहेनूर रडकुंडीला यायची, पण सोडायची नाही.

ऑगस्टच्या एका रविवारी अझीम भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. चित्र त्या दिवशी नशिबाने बरं होतं. त्याला आपला हॉल दिसत होता, उजेडाने भरलेला, आणि त्यात सोफ्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी. माहेनूर काहीतरी सांगत होती. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, सावकाश. अख्तरबानू मध्येच काही बोलल्या, त्याही बिनआवाजी. मग दोघी एकदम हसल्या, आणि हसता हसता माहेनूरने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

“काय चाललंय?” अझीमने विचारलं. “माझ्याबद्दल बोलताय का?”

तो पडद्याजवळ सरकला, डोळे बारीक करून दोघींच्या ओठांकडे बघू लागला. एक अक्षर कळेना.

“अगं, मला सांगा ना!”

माहेनूर पुढे वाकली, तिने कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि पुन्हा अम्मीकडे वळली. अझीमच्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘थांब जरा. आमचं झालं नाहीये.’