कोपऱ्यातली बारा चॅनलं

खराडीतल्या त्या नव्या ऑफिस इमारतीला बाहेरून सगळी काच लागणार होती. आता एवढी काच काही डिंकाने चिकटवत नाहीत. स्लॅब ओतण्याआधीच त्याच्या कडेला लोखंडी चॅनल बांधून ठेवायचं. ते काँक्रीटमध्ये कायमचं गाडलं जातं आणि पुढे त्याच्या खाचेत बोल्ट अडकवून काचेचे ब्रॅकेट बसवायचे. हे चॅनल कुठलं घ्यायचं, ते ठरवलं होतं डिझाइन इंजिनिअर उल्काने. नोकरीच्या आठव्या वर्षी तिचे साहेब, अभय सर, पहिल्यांदाच म्हणाले होते, "हे ड्रॉइंग तुझ्या एकटीच्या सहीने जाऊ दे." त्या सहीचं तिला कोण अप्रूप!

सकाळी नऊला ती पहिल्या मजल्यावर पोचली; काचेची चॅनलं लागणारा हा पहिलाच स्लॅब. अकराला काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. फिटर मकसूदभाईंनी सगळी चॅनलं बांधून तयार ठेवली होती. खाचेत काँक्रीट शिरू नये म्हणून आत भरलेला फोमसुद्धा कुठे हललेला नव्हता. वीस वर्षं हेच काम करणारा माणूस, नाव ठेवायला जागा नाही.

"माल एक नंबर निवडलात मॅडम," ते म्हणाले, आणि उरलेल्या एका तुकड्यातला फोम काढून त्यात बोल्ट घालून बोटाने ढकलला. "बघा, कसा लोण्यासारखा सरकतो. मागेपुढे करायला कटकट नाही."

उल्का हसली. हसता हसता तिचं लक्ष इमारतीच्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिने तो तुकडा हातात घेऊन बोल्ट पुन्हा ढकलून पाहिला.

बाकी सगळीकडे वारा काचेला आत-बाहेर ओढणार. त्याला हे चॅनल भक्कम होतं. पण कोपऱ्यावर काच वळते. तिथे बाजूने वारा आला की ब्रॅकेट चॅनलच्या लांबीच्या दिशेनेच ढकलला जाणार, आणि गुळगुळीत खाचेत बोल्टला अडवणार कोण? नट आवळल्याची पकड, तेवढीच. तिथे दातेरी चॅनल हवं होतं, बोल्टचे दात त्याच्या दातांत बसतील असं. तिने आत-बाहेरचा हिशोब तीनदा तपासला होता आणि बाजूचा एकदाही केला नव्हता. अगं बाई, आठ वर्षं काय केलंस तू!

तिने कंत्राटदाराच्या इंजिनिअरला, गंधारला, बोलावून सगळं सांगितलं. "कोपऱ्यातली बारा चॅनलं बदलावी लागतील. आज काँक्रीट नाही."

गंधारने कपाळाला हात लावला. मग तिला बाजूला घेऊन, पण मकसूदभाईंना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाला, "चिल, मॅडम. दातेरी माल दुपारी येईल, इश्यू नाही. रिपोर्टमध्ये लिहू, फिटरने चुकीची लावली. त्याला मी दुसऱ्या साइटवर पाठवतो. तुमची पहिली साइन आहे, कशाला खराब करता?"

पोरगा वाईट नव्हता हो. मदतच करत होता बिचारा, फक्त दुसऱ्याच्या जिवावर.

आणि खरं सांगायचं तर उल्का लगेच 'नको' म्हणाली नाही. दोन क्षण तिने विचार केला. मकसूदभाई आधीच पुसलेली पक्कड पुन्हा पुसत उभे होते. वाद नाही, तक्रार नाही. हे त्यांना नवीन नसावं, असं तिला वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

तिने तिथूनच फोन लावला. "सर, कोपऱ्याचं चॅनल मी चुकीचं निवडलं. फिटरने ड्रॉइंगप्रमाणेच बसवलंय."



"काँक्रीट पडायच्या आधी सुचलं, हे उपकारच म्हणायचे," अभय सर म्हणाले. "दातेरी मागव. आणि यापुढे तुझं प्रत्येक ड्रॉइंग आपले सीनिअर श्यामसुंदर तपासतील. सही त्यांची."

"हो सर."

तिने हेल्मेट उगाच डोळ्यांवर ओढलं. आठ वर्षांनी मिळालेली सही आठ दिवसही टिकली नाही. वाईट वाटलं तिला, फार वाटलं.

मकसूदभाई तोवर कोपऱ्यात बसून सकाळी स्वतःच पिळलेल्या तारा सोडायला लागले होते. वर न बघताच ते म्हणाले, "मॅडम, दुपारी माल आला की तुम्ही इथे पाहिजेत."

"आता श्यामसुंदर सर तपासतील, मकसूदभाई. सही त्यांची असणार."

"सही कुणाची का असेना," ते म्हणाले. "बांधताना मला समोर तुम्ही पाहिजेत."