शांती मिळेपर्यंत

पाळकसाहेब, तुम्ही एका बाईला देवाच्या नावाखाली ताटकळत ठेवलंत आणि तेवढ्या वेळात तिचा भाऊ हातचा गेला. तुमच्या हातात सुरी नव्हती, हे कबूल. तुमच्या हातात कधीच काही नसतं, आशीर्वाद सोडला तर. माणूस तुम्ही मायाळू. आवाज मऊ, आल्यागेल्याला आधी पाणी विचारणार, दुसऱ्याचं दुखणं ऐकताना डोळे मिटून घेणार. म्हणून तर तुम्हाला कुणी जाब विचारत नाही. पण झालं ते कसं झालं, हे एकदा आडपडदा न ठेवता सांगायलाच हवं.

ही बाई कपडे दुरुस्त करणारी. नवं शिवणं तिचा धंदा नव्हे. सैल झालेलं, आखूड पडलेलं, उसवलेलं, कुणाच्या तरी अंगावरून उतरून दुसऱ्याच्या अंगावर चढणारं, असं सगळं तिच्याकडे यायचं. पँटची चेन बदल, कोटाला नवं अस्तर लाव, कमरेत दोन बोटं सोड. दुकान बोळासारखं अरुंद. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, आणि मागच्या कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावलेली जागा. आत एक आरसा, एक स्टूल. पुढच्या खुर्चीत मालकीणबाई. त्या तिथूनच गिऱ्हाईक सांभाळायच्या आणि तोंडानं अख्खा रस्ता.

तिचा दादा प्लंबर. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्यानंच तिला मोठं केलं. तिची पहिली मशीन त्यानं खांद्यावर घेऊन तीन जिने चढवली होती आणि वर पोचल्यावर म्हणाला होता, आता हिच्यावर काही शिवलं नाहीस तर हीच मशीन तुझ्या गळ्यात बांधीन. तिनं लग्न केलं नाही. चर्चच्या मंडळीत जायला लागली, बाप्तिस्मा घेतला. दादाचं देवाशी फारसं जमायचं नाही, पण त्यानं कधी अडवलं नाही. जा, म्हणाला, निदान गाणं तरी शिकशील.

मग दादाची मूत्रपिंडं गेली. हळूहळू, पावलं सुजत, तोंडाची चव जात. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी त्याला मशीनला जोडून रक्त धुऊन घ्यावं लागायचं. तिथंही त्याचं तोंड चालूच. नर्सला सांगायचा, जन्मभर लोकांच्या मोऱ्या मोकळ्या केल्या, शेवटी माझीच तुंबली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरातल्या कुणीतरी एक मूत्रपिंड दिलं तर हा माणूस पुन्हा जिने चढेल. वहिनीचं जुळलं नाही. बहिणीचं जुळलं, आणि असं जुळलं की डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी दार लावून तिला एकटीला बसवलं. म्हणाल्या, नको असेल तर सरळ नको म्हणा. कारण विचारणार नाही. घरच्यांना आम्ही वैद्यकीय अडचण आहे असं सांगू, तुमच्यावर काही येणार नाही. म्हणजे तिला नाही म्हणायची वाट मोकळी होती, आणि हो म्हणायचीही.

ती भ्यायली होती. कापून घ्यायला कोण भीत नाही? मशीनच्या सुईखाली बोट गेलं होतं तेव्हा ती दोन दिवस मशीनजवळ गेली नव्हती. पण भीती वाटते असं म्हणण्याऐवजी ती म्हणाली, मी प्रार्थना करून सांगते.

आणि ती तुमच्याकडे आली.

तुम्ही तेव्हा संध्याकाळच्या वर्गात देवाची वाणी कशी ओळखावी हे शिकवत होतात. वाणी खरी की आपल्याच मनाचा खेळ, याची पारख कशी करावी. शास्त्राशी ताडून बघा, वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांना विचारा, हे तुम्ही सांगितलंत, पण सगळ्यात वर ठेवलीत ती मनातली शांती. शांती असेल तर देवानं दार उघडलं आहे. मनात कालवाकालव असेल तर दार बंद आहे, ढकलू नका. लोकांनी माना डोलावल्या. सोपं होतं ना ते. घर घ्यावं की नाही, नोकरी सोडावी की नाही, पोरीला त्या मुलाला द्यावी की नाही, सगळ्याला एकच थर्मामीटर.

तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत. डोळे मिटलेत. मग विचारलंत, "शांती आहे का, बाळ?" चाळिशी उलटलेल्या बाईला तुम्ही बाळ म्हणायचात आणि तिला ते आवडायचं. ती म्हणाली, शांती कुठली, पोटात गोळा येतो, हाताला घाम सुटतो, झोप लागत नाही.

"मग थांब," तुम्ही म्हणालात. "घाई सैतानाची असते. शांती मिळेपर्यंत पाऊल उचलायचं नाही."

ती पायऱ्या उतरली तेव्हा तिला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आता हो म्हणायला नको होतं, नाहीही म्हणायला नको होतं. दोन्हींच्या मध्ये बसायला जागा मिळाली होती आणि त्या जागेला नाव होतं देवाची वाट बघणं. अशा जागेवरून माणसाला उठवायचं कुणी?

पण ती नुसती बसून राहिली नाही, हेही खरं. तिनं देवाला शोधलं. उपास धरले. घरी भिंती पातळ, शेजाऱ्याचा टीव्ही, म्हणून दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती पडद्याआड त्या कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकायची. समोर आरसा. डोळे उघडले की स्वतःचंच तोंड दिसायचं, म्हणून तिनं आरशावर कुणाचा तरी कोट टांगला. पहिल्यांदा ती विचारायची, देऊ की नको. पुढेपुढे तेही सुटलं. नुसतं म्हणायची, देवबापा, तू इथं आहेस एवढं तरी कळू दे. बोलू नकोस हवं तर. नुसता ये.

इस्त्रीची वाफ सुस्कारायची. रस्त्यावर गाड्या. पडद्याखालून मालकीणबाईंच्या चपला दिसायच्या. कोटाला कुणाच्या तरी घामाचा वास यायचा. बाकी काही नाही. ज्यांनी कधी असं रोज गुडघे टेकून रिकाम्या हातानं उठून बघितलंय, त्यांना ते काही नाही म्हणजे काय ते ठाऊक आहे. ते भिंतीला डोकं टेकवल्यासारखं नसतं. भिंत निदान लागते तरी.

एकदा बाहेरून मालकीणबाई म्हणाल्या, अगं, गिऱ्हाईक आलंय, तुझ्या देवाला म्हणावं जरा बाहेर बाकावर बस. गिऱ्हाईक हसलं. तीही हसली, डोळे पुसत.

इस्पितळानं तारीख दिली. ती म्हणाली, अजून नाही. दुसरी दिली. ती म्हणाली, माझी प्रार्थना चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी तारीख खोडली. मंडळीत तुम्ही तिचं कौतुक केलंत, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. आपल्यात एक बहीण आहे जी देवाच्या पुढे धावत नाही.

मग वहिनी दुकानात आली. हातात दादाची पँट, कमरेत आवळून द्यायला. माणूस वाळत चालला होता आणि पँटी मोठ्या होत चालल्या होत्या. वहिनीनं माप दिलं, पैसे किती ते विचारलं, बाई नको म्हणाली, आणि मग वहिनी तिथंच स्टुलावर बसली.

"ताई, मला तुमच्या देवातलं कळत नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला द्या म्हणायला आले नाही. मी तसं कधी म्हणणार नाही. पण माझं जुळावं म्हणून मी किती रडले, ते जुळलं नाही. तुमचं सगळं जुळलं. आता अजून देवानं काय बोलायचं असतं?"

बाईच्या हातातला खडू तसाच राहिला. त्या रात्री तिला वाटलं की हेच ते. हीच वाणी, आणि ती कधीची बोलून चुकली आहे, फक्त वहिनीच्या तोंडून आली म्हणून आपण ओळखली नाही. सकाळी ती धावत तुमच्याकडे आली. तेव्हा तरी जा म्हणायचं होतंत. तुम्ही म्हणालात, शरीर जुळणं ही निसर्गाची गोष्ट, बोलावणं वेगळं. आणि पुन्हा तेच, शांती आहे का? नव्हती. ती परत गेली.

त्यानंतर दादाच्या गळ्याजवळ रक्त धुण्यासाठी घातलेल्या नळीतून जंतू शिरले आणि हृदयापर्यंत गेले. ताप उतरला, पण हृदयाची झडप खाऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तिला आणि वहिनीला बोलावून सांगितलं की आता ऑपरेशन नाही. भूल सोसणार नाही. कुणी दोन मूत्रपिंडं दिली तरी उपयोग नाही. रक्त धूत राहायचं, जमेल तितके दिवस.

वहिनी तिथंच खाली बसली. बाईनं तिला उठवलं, पाणी दिलं, आत दादाजवळ नेऊन सोडलं. मग ती इस्पितळाचा जिना उतरायला लागली, आणि मधल्या वळणावर ती आली.

शांती. अगदी तुम्ही वर्णन करायचात तशी. आधी खांदे सैल झाले. मग पोटातला गोळा कुणीतरी बोटांनी सोडवावा तसा सुटला. हातांना ऊब आली. खिडकीतून उजेड पायऱ्यांवर पडला होता आणि तो उजेडसुद्धा आपल्यासाठीच ठेवला आहे असं तिला वाटलं. इतके महिने ज्याच्यासाठी गुडघे झिजवले ते आता न मागता आलं होतं. तिनं कठड्याला धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मनात म्हणत होती, आलास, आलास.

त्याच गोडीत तिनं तुम्हाला फोन लावला. म्हणाली, पाळकसाहेब, मला शांती मिळाली. तुम्ही प्रभूची स्तुती केलीत. म्हणालात, रविवारी मंडळीपुढे साक्ष दे. कशाबद्दल मिळाली, हे तुम्ही विचारलं नाहीत.

ती पोटभर जेवली. गाढ झोपली. सकाळी दुकानात गेली आणि दादाची ती पँट उलटी करून कमरेची शिवण उसवायला बसली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दादाला आता कुणाचं काही लागणार नव्हतं. म्हणून पोट मोकळं झालं होतं. म्हणून झोप लागली होती. तिनं कात्री खाली ठेवली.

संध्याकाळी ती दादाकडे गेली. तो उशाला टेकून बसला होता, बोटं सुजलेली, बोलताना धाप. वहिनी बाहेर गेल्यावर म्हणाला, "एक विचारू? राग मानू नकोस. तुझ्या देवानं नको म्हणून सांगितलं का?"

ती त्याच्या पायावरची चादर सारखी करायला लागली.

"सांगितलं असेल तर माझी तक्रार नाही. वरच्या साहेबाचा हुकूम. पण तसं असेल तर तसं सांग. काय झालं हेच न कळता जायला बरं वाटत नाही."

रविवारी सांगते, ती म्हणाली. दादा कसनुसा हसला. म्हणाला, बरं, साहेबांचं ऑफिस रविवारीच उघडतं वाटतं.

रविवारी तुम्ही तिला पुढे बोलावलंत. माईक हातात दिलात. कीबोर्डवाली बाई नेहमीप्रमाणे बारीक सूर धरून बसली. ती म्हणाली, मला शांती मिळाली. मंडळी म्हणाली, आमेन. मग तिनं ती कुठल्या जिन्यावर मिळाली, त्याआधी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, हे सांगितलं. आमेन थांबलं. कीबोर्डही थांबला. तुम्ही माईकसाठी हात पुढे केलात आणि म्हणालात, बाळ, देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, आपण प्रार्थना करू.

तिनं माईक दिला नाही.

"प्रार्थना नंतर," ती म्हणाली. "मी भित्री आहे. ते माझं पाप, ते माझ्या डोक्यावर. पण मी भीत भीत तुमच्याकडे आले होते आणि तुम्ही म्हणालात की भीती म्हणजे देवाचं बंद दार आहे. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभू त्या बागेत घामानं भिजला होता. हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून रडला होता. त्याला कुठं होती शांती? तो तुमच्या वर्गाला येता, तर तुम्ही त्यालाही थांब म्हणाला असता."

मागच्या बाकावरून कुणीतरी तिला गप्प बस म्हणालं. तिनं तिकडे बघितलं नाही.

"मला उपदेश नको. माझा भाऊ आज संध्याकाळी विचारणार आहे आणि मला त्याला एकच शब्द सांगायचाय. जिन्यावर आली ती शांती देवाची होती का? होती, तर देवाला माझा भाऊ मेलेला हवा होता, असं मी त्याला त्याच्या तोंडावर सांगते. नव्हती, तर इतके महिने तुम्ही मला कुणाची वाट बघायला लावलीत? हो किंवा नाही, पाळकसाहेब. बोला."