मुकुंदाचा लोकरीचा जोड

मे महिन्यात नागपुरात सक्करदऱ्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं.

सुताचा धागा जाळला तर कागद जळल्याचा वास येतो. लोकरीचा जाळला तर केस जळल्याचा.

ट्रंकेचं कुलूप फोडावं लागलं, कारण किल्ली त्याच्या गळ्यात होती.

सात वर्षांच्या मुलीचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत सोळा इंच भरतो.

कोरं कापड अंगाला लावू नये. आधी उकळावं, मग कोपऱ्याला हळद लावावी, मग घालावं.

*

ताराचंद कापड गिरणीत, फोल्डिंग खात्यात होता. विणून आलेलं कापड त्याच्यासमोरच्या टेबलावरून सरकत जाई आणि तो दोष शोधी. तुटलेला उभा ताणा, सुटलेला आडवा बाणा, तेलाचा डाग. दोष दिसला की खडूची खूण. सव्वीस वर्षं हेच काम. लग्नात गेला तरी आधी नवरीच्या शालूचा पदर चिमटीत धरून बघायचा आणि बायको सुभद्रा त्याच्या हातावर चापट मारायची.

त्यांचा मुलगा मुकुंद तेवीस वर्षांचा. हिमालयात, सरकारी रस्त्यांवरचा बर्फ हटवायच्या मशीनवर मेकॅनिक. १९७५ च्या डिसेंबरात दहा दिवस रजेवर आला तेव्हा त्याच्या हाताची बोटं काळी-निळी होती.

"ग्रीस आहे वं माय," तो म्हणाला.

सुभद्रानं बोटं साबणानं घासली. ग्रीस नव्हतं.

*

सीताबर्डीच्या फुटपाथवर स्वेटर विकणाऱ्या तिबेटी बायका बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना नेपाळीच म्हणे. ताराचंदनं स्वेटरकडे बघितलंही नाही.

"आतून घालाचं पाहिजे," तो म्हणाला. "अंगाले चिकटून. वरून कितीही चढव, हवा आत शिरतेच."

एका बाईनं बनियान-पायजम्याचे दोन जोड काढले. एक जाड, फुगीर, आतून केसाळ. दुसरा पातळ, पांढरट, हातात घेतला तर काहीच नाही असा वाटणारा.

मुकुंदानं जाड उचलला. "हा घेऊन टाकू बाबा."

"थांब गा. तुले काय समजते?" ताराचंदनं जाड जोडाच्या शिवणीतून एक धागा ओढला, काडी पेटवली आणि जाळला. वास घेतला. "सूत आहे अर्धं. वरून लोकरीची पावडर लावली." मग पातळ जोडाचा धागा ओढला. दुसरी काडी.

"बाबूजी," बाई म्हणाली, "आप खरीदने आया कि जलाने आया?"

शेजारच्या बायका हसल्या. मुकुंद लाजून दुसरीकडे बघू लागला. ताराचंद मात्र डोळे मिटून वास घेत होता. केस जळल्याचा वास. राख बोटात धरली तर चुरली. त्यानं बनियान उन्हाकडे धरलं आणि ओळ न् ओळ तपासत खाली आला. त्याच्या पोराच्या अंगाला लागणारं कापड तो पहिल्यांदाच तपासत होता. बाई पुडकं बांधता बांधता काहीतरी बोलत होती. त्याचं लक्ष पायजम्याच्या नाडीच्या शिवणीवर होतं.

माल: लोकरीचं पूर्ण बाह्यांचं बनियान एक, पायजमा एक.
वीण: घट्ट, सारखी.
डाग: नाही.
गाठ: डाव्या काखेत एक. चालेल.
शेरा: पास.

मुकुंदाच्या पाठीला लावून बघितलं. बाही मनगटापर्यंत. जणू मापावर बेतलेली.

*

गिरणीतल्या माणसाच्या घरात कोऱ्या कापडावर कुणाचा विश्वास नसतो. खळ किती, चरबी किती, किती हातांचा मळ, सगळं ठाऊक असतं. नवं धोतर असो, चादर असो, सुभद्रा ते सोडा टाकून उकळायची, मोगरीनं बडवायची, खणखणीत उन्हात वाळवायची. मग कॉलरच्या आत हळदीचं बोट. मुकुंदाच्या पहिल्या झबल्यापासून चुकलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ताराचंदची पहिली पाळी होती. चार वाजता घरी आला तेव्हा अंगणातल्या दोरीवर जोड वाळत होता.

त्याला वाटलं, शेजारच्यांच्या पोरीचं काहीतरी आहे.

मग त्यानं चिमटीत धरलं. कापड जाड झालं होतं, दाबून केलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं. ओढलं तर ताणत नव्हतं. काखेतली गाठ शोधली. गाठ सापडली नाही, ती आत कुठंतरी गाडली गेली होती.

माल: तोच.
वीण: दिसत नाही.
बाही: सोळा इंच.
शेरा:

"झालं का वाळून?" आतून सुभद्रा. "दोनदा उकळलं. असं पिवळं पाणी निघालं, विचारू नका! थे नेपाळीण कुठं कुठं घेऊन बसली असंन."

"लहान झालं," तो म्हणाला.

"होजियरी आहे ना. तुमचं बनियान नाही का धुतल्यावर एवढंसं होत? अंगात गेलं की ताणते." तिनं जोड दोरीवरून काढला, गालाला लावला. "पाहा, किती गरम लागून राहिलं."

तिनं हळद लावली. मुकुंद जोड घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लोटलं, पण फट राहिली. ताराचंदला दिसलं. मुकुंदानं एक हात घातला, तो कोपरापाशी अडकला. त्यानं हात काढला. जोडाची नीट घडी केली.

"बसलं का रे?"

"बसलं वं माय. टाइट आहे जरा. बरंच आहे, थंडी शिरणार नाही."

"मी म्हटलं नव्हतं? आन् तुमचे बाबा म्हणतात लहान झालं!"

स्टेशनवर सुभद्रा डब्यात पोळ्या ठेवत होती तेव्हा ताराचंद म्हणाला, "बर्डीवर जाऊन येऊ का? दुसरा घेऊन येतो. सायकलनं."

"पंधरा मिनिटं राहिली बाबा." मुकुंद हसला. "तिथं सरकारी मिळते. नका काळजी करू." मग हळूच, "मायले नका सांगू. पूर्ण दुपार बडवत होती."

*

सरकारी गरम कपड्यांचा माल त्या वर्षी मार्चमध्ये पोचला. हे त्याच्याबरोबरच्या एका मल्याळी माणसानं हिंदीत लिहून कळवलं. पत्र पुष्पलतानं, म्हणजे मुकुंदाच्या थोरल्या बहिणीनं, वाचून दाखवलं. मशीन बर्फात बंद पडली. मुकुंद दोन दिवस दुरुस्तीसाठी तिच्याखाली होता. मग छातीत थंडी भरली. जानेवारीच्या एकोणतीस तारखेला गेला. दहन तिथंच केलं.

ट्रंक एप्रिलमध्ये आली. बाहेर उन्हाळ्याची गरम लू चालली होती. कुलूप फोडल्यावर सगळ्यात वर जोड, तशीच घडी, कॉलरच्या आत हळदीचं बोट. जसंच्या तसं.

सुभद्रा रडली नाही. तिनं घडी उलगडली, परत घातली.

"घातलंच नाही त्यानं," ती म्हणाली. "एकदाही नाही घातलं."

तेव्हापासून ती त्याच्यावर रागावलेली आहे. फोटोला हार घालताना, भाजी चिरताना. "दोनदा उकळून देल्लं होतं. हातानं हळद लावली. घातलं काहून नाही रे? काय झालं होतं घालाले?" ती फोटोसमोर थांबते, खरंच उत्तर ऐकायचं असल्यासारखी. दर कार्तिकात जोड उन्हात टाकते, कडुलिंबाचा पाला घालून परत ठेवते.

ताराचंद ऐकतो. सांगितलं तर ती पोरावर रागवायची थांबेल. मग कोणावर रागवेल, हे त्याला ठाऊक आहे. तिचे हात तो रोज बघतो. त्या हातांचं काय करायचं मग?

गिरणीत त्यानं एक अख्खा तागा खूण न करता जाऊ दिला. साहेबानं विचारलं, दिसलं नाही का? दिसलं, तो म्हणाला.

*

पाचव्या वर्षी थंडीत पुष्पलता माहेरी आली होती. तिची मुलगी सात वर्षांची, खोकत होती. पुष्पलतानं पेटीतून जोड काढला आणि कुणाला न विचारता पोरीच्या अंगात घातला.

बाही बरोबर मनगटापर्यंत. पायजमा बरोबर घोट्यापर्यंत.

"माय, पाहा तर! हिच्याच मापाचा आहे जसा."

सुभद्रा लसूण सोलत होती. तिनं पोरीकडे बघितलं. बाहीकडे. बराच वेळ बाहीकडे. हातातली पाकळी सोललेली होती, तरी ती नखानं सोलतच राहिली.

"अहो," ती म्हणाली. "मुकुंदाले बसलं होतं ना हे?"

पोरगी खोकली. पुष्पलता बापाकडे बघू लागली.

"बसलं होतं," ताराचंद म्हणाला. "माझ्यासमोर घातलं होतं."

"मग घातलं काहून नाही तिथं?"

"पोट्टा हट्टी होता."

"हट्टीच होता," सुभद्रा म्हणाली आणि पुढची पाकळी घेतली.

*

पुडकं हातात देताना त्या तिबेटी बाईनं ताराचंदला दोनदा सांगितलं होतं की गरम पाण्यात टाकू नका.