आयुधपूजेनंतरचा फेस

ज्या तलावाच्या पाण्याने मला तीन दिवस अन्नाचा घास सुखाने गिळू दिला नाही, त्याची हकिकत मी येथे यथामती निवेदन करणार आहे. तीत किळसवाणे वर्णन येणे अपरिहार्य आहे. कोमल मनाच्या वाचकांनी ती भोजनापूर्वी वाचू नये, ही नम्र विनंती.

तंजावुरात नळ, पंप आणि टाक्या दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय. तिरुवैयारु रस्त्यावर दंतवैद्य विश्वेशराव यांच्या घरामागे पोहण्याचा लहानसा तलाव आहे. त्यांच्या मातोश्री अंबाबाई यांचा गुडघा शस्त्रक्रियेने बदलल्यापासून त्यांनी रोज अर्धा तास पाण्यात चालावे, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. जमिनीवर त्यांना माणसाचा आधार लागे. पाण्यात मात्र कठडा धरून त्या एकट्या चालत.

आयुधपूजेनंतर, म्हणजे खंडेनवमीस हत्यारे-यंत्रे पुजतात त्या सणानंतर, चौथ्या दिवशी, गुरुवारी, मला बोलावणे आले. तलाव पाहताच मी दोन पावले मागे सरलो. पाण्यावर वीतभर जाडीचा पिवळट, चिकट फेस शिळ्या पेजेप्रमाणे पसरला होता. कोपऱ्यांत त्याचे गोळे झाले होते आणि त्यांत पांढरे केस व मेलेले डास अडकले होते.

"हनुमंतराव, कसलं औषध ओतलात ह्यात?" विश्वेशराव नाकाला रुमाल लावून गरजले. "माझी आई ह्यात उतरायची काय?"

"मी औषध घातले त्यास महिना झाला, साहेब."

"सरी, सरी, असूं दे. रविवारपर्यंत हे गेलं नाही तर लॉरीनं माती आणून अस्कं तळं बुजवतों. वर केळी लावतों."

खुर्चीतल्या अंबाबाईंनी मान खाली घातली.

तलावात पाणी परत सोडणाऱ्या तोंडांतून बुडबुडे निघत होते. अर्थात पंप कोठूनतरी हवा ओढत होता. मी तांब्याने प्रत्येक सांध्यावर पाणी ओतत गेलो. पंपाच्या झाकणाच्या कडेवर ओतले, तोच बुडबुडे थांबले. पंप बंद करून झाकण उघडले, तर रबरी रिंगवर केळीच्या सोपटाचा दोरा आडवा पडलेला, आणि त्यास एक कुजकी शेवंती.

"पंपाची पूजा कोणी केली?"

"मीच. आयुधच की ते! झाकण काढून आत पुसलं, कुंकू लावलं, हार घातला."

"हार झाकणाखाली घातलात."

अंबाबाई खुदकन हसल्या. "लोकांच्या तोंडातही असंच काही ठेवून येतोस काय रे, विश्वेशा?"

दोरा काढून रिंग पुसून बसवली. बुडबुडे बंद झाले. परंतु शुक्रवारी सकाळी जाऊन पाहतो, तो फेस काठाशी गोळा होऊन कायम!

मी तलावाचे पाणी बाटलीत भरून हलवले. फेस वर तरंगतच राहिला. नळाचे पाणी तसेच हलवले. फेस क्षणात विरला. हवेने केवळ घुसळण केली होती. घुसळले जाणारे द्रव्य पाण्यातच होते. मग मी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या टोपलीत हात घातला. जे हाती आले ते लिहिताना लेखणी कचरते. तेलकट, तपकिरी लगदा, त्यात केसांचे गुंतवळ, बोटांतून गोगलगायीसारखे निसटणारे. नाकाशी नेले मात्र, आणि ओळखले: तिळाचे तेल व शिकेकाई. मी कुंपणाशी जाऊन ओकलो.

वळून पाहतो तो अंबाबाई तेलाची वाटी घेऊन ओसरीवर बसलेल्या. शुक्रवार, बायकांच्या तेलस्नानाचा वार.

"बाई, तेल लावून तुम्ही तलावात उतरता?"

त्यांनी वाटी पदराखाली झाकली. "हळू बोल, हनुमंता. मोरीत तेलानं फरशी निसरडी होते. तिथंच पडून हा गुडघा मोडला. इथं धरायला कठडा आहे. शिकेकाई चोळतें, दोन बुड्या मारतें, झालं."

"असे किती शुक्रवार?"

"ऑपरेशनानंतर पाण्यात उतरूं लागलें, तेव्हापासूनचे अस्के. विश्वेशाला सांगू नोको. आजच बुजवील."

त्याच पाण्यात विश्वेशराव रोज सकाळी पोहत आणि चुळाही भरीत, हे मी स्वतः पाहिले होते.

मी त्यांना वचन दिले, परंतु अट घातली: तेलस्नान यापुढे मोरीतच. त्याच दिवशी मोरीच्या भिंतीत धरावयास जाड पाइप बसवला व खाली पाय न सरकणारे स्टूल ठेवले. मग अर्धा तलाव उपसला आणि भिंतींवरील तेलाची रेघ नाक बांधून घासली. शनिवारभर नवे पाणी भरले.

रविवारी पाणी स्वच्छ होते. विश्वेशराव काठावर वाकून म्हणाले, "काय होतं शेवटी? खरं सांगा."

मी नळाची पकड पुसत राहिलो. अंबाबाईच बोलल्या, "माझं तेल होतं रे. शिकेकाईही. मोरीची भीती वाटे म्हणून इथं न्हात होतें."

"आई! मी ह्यात चुळा भरत होतों!"

"म्हणून तर केस काळे आहेत तुझे."

विश्वेशराव तोंड दाबून वॉश-बेसिनकडे धावले. पुष्कळ वेळ पाणी वाहल्याचा आवाज येत राहिला. परतल्यावर मी भीत भीत विचारले, "मातीची लॉरी?"

"नोको," ते ओठ पुसत म्हणाले. "तिला उतरूं दे. मी मात्र उतरणार नाही."

अंबाबाई कठडा धरून पाण्यात चालू लागल्या. चिरंजीव काठावर, दोन हात दूर, खुर्ची टाकून बसले.

माझ्या बोटांना तो वास अद्याप येतो असा भास होतो. असो. अशा ओंगळ विषयासाठी ज्यांनी आपला वेळ खर्च केला, त्या वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
हनुमंतराव, तंजावूर